खाटेसमोरची खुर्ची

लेक सहा महिन्यांची होत आली तेव्हा एका दुपारी मी आमच्या खोलीची फरशी वितीने मोजत होते. शाळेत पोरांना सेंटिमीटर आणि मीटर शिकवते, पण घरात मोजायची टेप नाही, आणि शेजारून मागून आणली तर शेजारीण विचारणार, काय मोजतेस एवढं. म्हणून मी गुडघ्यांवर बसून वीत टाकत होते आणि लेक सतरंजीवर पालथी पडून माझ्याकडे बघत होती. खाटेवरून सासरेही बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही. त्या दिवसांत ते कुणालाच काही विचारत नसत.

मी जागा शोधत होते लेकीच्या खुर्चीसाठी. मूल बसवून भरवायची उंच खुर्ची, पुढे फळी, कमरेला पट्टा, तशी. माझी रजा संपत आली होती. माझी शाळा मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. नवरा इथल्याच, मुरबाडच्या कारखान्यात, पाळीवर. म्हणजे दिवसाचा बराच वेळ घरात राहणार सासरे आणि लेक. शेजारीण येऊन भरवीन म्हणाली होती, पण तिचंही घर आहे, ती काय दिवसभर मांडी घालून बसणार नव्हती. पोर एका जागी सुरक्षित बसलं पाहिजे, एवढाच प्रश्न होता. मांडीवर घेऊन बसणारं माणूस घरात होतं, पण त्या माणसाने मांडी देणं सोडलं होतं.

सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. त्याआधी ते गावी एकटे राहत. वैशाखरे गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आमचं गाव आहे. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. सासरे शेत करायचे, नाचणी आणि भात, आणि आम्ही बोलावलं की म्हणायचे, तुमच्या त्या खुराड्यात मी पाय कुठं पसरू. मग एका सकाळी बांधावरच पडले. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून ते त्या खुराड्यात होते. पुढे काठी टेकत मोरीपर्यंत जाऊ लागले, पण जमिनीवर बसता येईना. एकदा खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागत. म्हणून त्यांच्यासाठी लोखंडी खाट आणली. खोलीची पश्चिमेकडची भिंत खाटेने धरली आणि आम्ही दोघं, आणि पुढे लेकही, उरलेल्या फरशीवर झोपू लागलो.

आमच्याकडे जेवायचं टेबल नाही, आणायचं मनातही कधी आलं नाही. खाली बसायचं, ताटं मांडायची, उठल्यावर फरशी पुसून घ्यायची. सासऱ्यांना खाली बसता येत नाही म्हटल्यावर त्यांचं ताट खाटेपाशी स्टुलावर. खाटेची उशाची बाजू दक्षिणेला, आणि ती बाजू आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा सोडलेली. तिथे ते स्टूल असे, त्यावर त्यांची औषधं, तांब्या, चष्मा. वर भिंतीतल्या खुंटीला त्यांची टोपी आणि छत्री. जेवायच्या वेळी ते खाटेच्या त्या टोकाला सरकायचे, पाय खाली सोडायचे आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचे. आमच्याकडे पाठ.

सुरुवातीला मी म्हणायची, बाबा, इकडे वळून बसा की, स्टूल अलीकडे घेते. ते मान हलवायचे. मग मी म्हणणं सोडलं, कारण मला कळलं होतं. त्यांचा उजवा हात गेला होता. ते डाव्या हाताने जेवत होते. ज्या माणसाने जन्मभर डावा हात ताटाला लावला नाही, पोरांनी लावला तर पाठीत धपाटा घातला, त्याला आता त्याच हाताने भात कालवावा लागत होता, आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून निम्मा घास पंचावर पडत होता. सुनेने ते बघू नये. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. आम्ही काय परके होतो? पण कुणाच्या लाजेवर रागावून चालत नाही.

लेक झाली तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले. माझी आई नाही. मी शाळेत शिकत असतानाच ती गेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेर असं नव्हतंच, माहेर म्हणजे उंबरमाळीकडे राहणारा एक धाकटा भाऊ. दवाखान्यातून थेट या खोलीत आले. सासरे डाव्या हाताने लेकीला कुशीत धरून खाटेवर बसायचे. तिच्याशी ते आमच्यापेक्षा जास्त बोलायचे. तिला त्यांची जड जीभ कळत होती असं मला वाटायचं. मग एके दिवशी तिने अंग झोकलं, उजवीकडे कलली, आणि त्यांचा उजवा हात काही पुढे आला नाही. नवरा शेजारीच बसला होता म्हणून तिला झेललं. डोकं खाटेच्या पट्टीला लागता लागता वाचलं. काही झालं नाही, ती रडलीसुद्धा नाही. पण त्यानंतर सासऱ्यांनी तिला घेतलं नाही. दिलं तरी म्हणायचे, "नको. ठेव खालती." आणि त्या दिवसापासून त्यांचं बोलणंही आटलं. ताटातला भात उरायला लागला.

म्हणून ती खुर्ची. माझ्या मनात होतं की पोरीला धरायचं काम खुर्ची करील, आणि सासऱ्यांना तिच्याजवळ नुसतं असता येईल.

आता खुर्ची निवडायची म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. लेकीला पाजता पाजता मी मोबाईलवर खुर्च्या बघत बसायची. फोटोतली घरं केवढी मोठी! एक खुर्ची होती, तिचे चारही पाय बाहेर फाकलेले, पडू नये म्हणून. पडली नसती हे खरं, पण ती मांडली असती तर आम्हाला झोपायला स्वयंपाकघरात जावं लागलं असतं. एक टेबलाला अडकवायची होती. नवरा म्हणाला, "ही घेऊ, आणि मग हिच्यासाठी एक टेबल घेऊ, आणि टेबलासाठी एक घर घेऊ." एक बुटकी, प्लास्टिकची, बाजारात शहापूरला बघितली. मी ती हाताने हलवली तर फळीच निघून हातात आली. एक घडीची होती, ती मला पसंत पडली होती, पण तिच्या घडीत पोरीचं बोट सापडेल म्हणून नवरा नको म्हणाला. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, मग तूच शोध. तो म्हणाला, आपण वाढलोच ना खुर्चीशिवाय, आई आम्हाला भाताच्या पाटीत पेंढा भरून बसवायची. मी म्हटलं, आण मग पाटी, आण पेंढा, आणि तूच घरी बस.

हे सगळं खाटेपासून चार पावलांवर चालायचं. एका खोलीत गुपित कसलं राहतं? मी पुन्हा वीत टाकत फिरत होते, दारामागे, कपाटापुढे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, तेव्हा सासरे नवऱ्याला म्हणाले, "खाट काढा."

नवऱ्याला वाटलं, खाट सरकवायची म्हणतात. "कुठं घेऊ?"

"काढाच. तितं पोरीची खुर्ची ठेवा. मला गावाला नेऊन सोड. तुमालाबी जागा व्हईल."

गावचं घर बंद होतं. शेजारी चुलतभाऊ होता, तो दोन वेळा डबा देईल, हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. ज्या माणसाला पाण्याचा तांब्या उचलायला हातातली काठी ठेवावी लागते, तो एकटा त्या घरात काय करणार होता, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. तिथे ते जगायला जात नव्हते. बापाला काय बोलावं ते नवऱ्याला कधीच सुचत नाही. मीच म्हटलं, "कुणी कुठं जायचं नाही. खुर्ची खाटेपेक्षा मोठी झाली का?" माझा आवाज चढला होता. लेक रडायला लागली. सासरे भिंतीकडे वळून आडवे झाले आणि विषय तिथेच राहिला. पण तो मिटला नव्हता. रात्रीच्या जेवणाला त्यांनी भात परत पाठवला, आणि दुसऱ्या दिवशीही.

उष्टावण जवळ आलं. पहिला घास मामाने द्यायचा असतो, म्हणून भावाला निरोप गेला होताच. तो ठाण्याला कामाला जातो. त्याने फोन केला, "ताई, खुर्ची मीच आणतो. मामाचा मान हाय. फक्त माप सांग." मी पुन्हा एकदा वीत टाकली, मग शहाणपणा करून लेकीच्या झबल्याची नाडी लांब धरून जागेची रुंदी मोजली, तिथे गाठ मारली आणि नवऱ्याबरोबर ती नाडी स्टेशनावर भावाच्या हाती पोचवली. याच्याहून रुंद असता कामा नये, एवढाच निरोप. उंचीचं माप आमच्यापैकी कुणीच दिलं नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमची अडचण फरशीची होती, आणि उंचावर बसून जेवायचं म्हणजे काय हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं.

उष्टावणाच्या सकाळी भाऊ आला, जीपच्या टपावर खुर्ची बांधून. लाकडी, सरळ पायांची, अरुंद. नाडी लावून बघितली तर गाठीच्या आत. आणि उंची म्हणाल तर माझ्या कमरेच्या वर फळी. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे राहिलो आणि बघतच राहिलो. भाऊ म्हणाला, "दुकानात एवढी नाय वाटली."

पहिला घास रीतीनेच झाला. भावाने पाटावर बसून लेकीला मांडीवर घेतलं, अंगठी खिरीत बुडवून तिच्या जिभेला लावली. अंगठी आमच्या आईची. लेकीने तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितलं. मला आईची फार आठवण झाली. भावालाही झाली असणार, कारण तो उगाचच खीर ढवळत बसला. मग जेवणं. आम्ही पंगत मांडली आणि हौसेने लेकीला खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. जागा एकच होती, वितीने शोधलेली, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, भिंतीला पाठ लावून. ती वर, आम्ही सगळे खाली. मखरात गौर बसवावी आणि बाकीच्यांनी पुढ्यात जेवावं तसं झालं. तिला घास द्यायचा तर ताटावरून उठून उभं राहायचं. भाऊ उठला, घास दिला, बसला. परत उठला. नवरा म्हणाला, "पाय कापून आणू सुताराकडनं." हसायला आलं आम्हाला.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "नाय."

आम्हाला वाटलं, पाय कापू नका म्हणताहेत. सासरे भिंतीकडे तोंड करून जेवायला बसले होते, ते मान मागे वळवून बघत होते. "तशी बसवू नको तिला. दक्षिनेला तोंड व्हतंय तिचं."

मी बघितलं. खरंच, स्वयंपाकघर आमचं उत्तरेला, तिकडे पाठ लावली म्हणजे तोंड दक्षिणेला.

"जिची आय जिती हाय," सासरे एकेक शब्द ओढत म्हणाले, "तिनं दक्षिनेला तोंड करून जेवाचं नाय."

हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. दक्षिणेला तोंड करून जेवायचं ते पितरांच्या नावाने. पण त्या वेळी माझी कढी उकळत होती, पंगत अर्धी झाली होती, आणि आधीच जागा नाही त्यात आता दिशाही. मी चिडून म्हटलं, "मग तुम्ही हो, बाबा? तुमचं तोंड कुठे असतं जेवताना?"

त्यांच्या डाव्या हाताला भात लागलेला होता, तो त्यांनी पंचाला पुसला.

"माजी आय कवाच गेली," ते म्हणाले. "तुजी सासूबी गेली. माजं तोंड आता तिकडंच हाय. तिकडंच जायाचं."

नवऱ्याने ताटातला हात काढून घेतला. मी इतके महिने समजत होते की ते लाजेने भिंतीकडे बघतात. लाज होतीच. पण त्या भिंतीसमोर रोज दोन वेळा बसून त्यांनी आणखीही काही ठरवत आणलं होतं, आणि त्यांच्या पाठीमागे बसून आम्ही जेवत होतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणत होतो. मला इतकं वाईट वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच गॅस बंद केला, चालू केला.

बाहेर आले तेव्हा भाऊ खुर्ची दोन्ही हातांनी धरून खोलीच्या मधोमध उभा होता. नवऱ्याच्या कडेवर लेक. भाऊ या घरातला नव्हता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणूनच तो सरळ बोलू शकला. "मग हितं ठेवू ना. ह्या भिंतीला पाठ लावून. तोंड उत्तरेला व्हतंय." आणि त्याने बोट दाखवलं ते खाटेच्या उशाकडच्या जागेकडे, स्टुलाकडे.

ती जागा मी कधी मोजलीच नव्हती. ती बाबांची होती. तिथे खुर्ची ठेवायची म्हणजे स्टूल जाणार, भिंत झाकली जाणार, आणि भिंतीच्या जागी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर पोरगी येणार. ते जेवणार तर तिच्या डोळ्यांदेखत. डावा हात, पंचा, तोंडातून पडणारा घास, सगळं. ते नको असेल तर पोर राहणार दक्षिणेला तोंड करून, नाहीतर ते जाणार गावाला. आणि हे ठरवायचं त्यांनी. मी मनात म्हणत होते, बाबा, नको म्हणू नका. एवढं एक नको म्हणू नका.

त्यांनी लेकीकडे बघितलं. तिच्या हनुवटीवर खीर सुकली होती आणि ती मुठीने ती आणखी गालाला फासत होती. मग त्यांनी डाव्या हाताने ताट खाटेवर घेतलं, स्टुलावरचा चष्मा उचलला, उशाखाली ठेवला. औषधाचा डबा उचलला, खाटेवर ठेवला. तांब्या उचलला, तो कुठे ठेवावा कळेना म्हणून धरून राहिले. मी पुढे होऊन तो घेतला.

"स्टूल काढ," ते म्हणाले.

भावाने खुर्ची तिथे सरकवली. ती बरोबर बसली. अरुंद पायांची म्हणून कलू नये यासाठी नवऱ्याने तिची पाठ भिंतीतल्या खुंटीला दोरीने बांधली, छत्री आणि टोपीच्या खाली. लेकीला आत ठेवलं, पट्टा बांधला. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की खुर्चीची फळी खाटेच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या छातीपाशी येते. आम्हा खाली बसणाऱ्यांना ती खुर्ची निरुपयोगी होती. घरात उंचावर बसून जेवणारा माणूस एकच होता, आणि न मोजता आलेली ती उंची त्याच्या मापाची निघाली.

त्यांचं ताट आता त्याच फळीवर आलं, लेकीच्या वाटीला लागून. पहिला घास घ्यायला त्यांनी फार वेळ लावला. आम्ही मुद्दाम खाली मान घालून जेवत होतो, पण कान तिकडेच. मग त्यांनी घास घेतला आणि त्यातला अर्धा पंचावर पडला. लेक त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिने वाटीतला मऊ भात मुठीत घेतला, तोंडाकडे नेला, आणि तिचाही अर्धा झबल्यावर पडला. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिने परत मूठ भरली. सासरे म्हणाले, "खा, बाय. सावकास." किती दिवसांनी त्यांनी तिच्याशी बोलायला तोंड उघडलं होतं. त्या दिवशी त्यांच्या ताटात भात उरला नाही. गावाला जाण्याचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

तोंड त्यांचं दक्षिणेलाच राहिलं होतं. दोघांनी समोरासमोर बसायचं तर एकाचं तिकडे होणारच.

मी शाळेत जाऊ लागले. शेजारीण दुपारी येऊन भात कालवून द्यायची आणि दोघांना समोरासमोर बसवून आपल्या कामाला लागायची. ती मला सांगायची, तुझी पोर डाव्या हाताने खायला शिकली बघ, आजोबाचं बघून, आताच सवय मोड. मी हो म्हणायची. मोडली नाही. बाबा मात्र तिला डाव्या हाताने कधी भरवत नसत. स्वतः खाणं वेगळं, पण लेकराच्या तोंडात डाव्या हाताचा घास नाही. ती तोंड उघडून बसायची आणि ते नुसतं "खा, खा" म्हणायचे.

एका रविवारी मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. बाबांनी चमचा डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हाताची वळलेली बोटं एकेक करून उलगडली. त्यांत चमचा ठेवला, बोटं परत मिटली. मग डाव्या हाताने उजवं मनगट उचलून धरलं आणि तो हात, जणू दुसऱ्याचा असावा तसा, हळूहळू पुढे ढकलत तिच्या तोंडापर्यंत नेला. वाटेत पेज सांडली. लेकीने मान पुढे काढून उरलेली घेतली. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी मला बघितलं नव्हतं, आणि मी सूप तसंच मांडीवर ठेवून हललेही नाही. मला रडू आलं, ते तसंच येऊ दिलं.

पुढे ते रोज एक घास असा द्यायचे. एकच. बाकीचं तिचं ती खायची.

त्याच्या पुढच्या वर्षी, गावाकडे हळवं, लवकर पिकणारं भात पिवळं पडायला लागलं होतं तेव्हा, बाबा झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी दोघं जेवली होती. गावी नेलं, सगळं तिथेच केलं. दहाव्याला त्यांचं पान वाढलं तेव्हा कावळा लगेच शिवला. चुलतभाऊ म्हणाला, काय राहिलं नव्हतं त्यांचं. मला ते खरं वाटलं.

मुरबाडला परत आल्यावर खाट काढली. जिच्यावर माणूस गेलं ती खाट घरात ठेवायची नसते, नवऱ्याने ती टेम्पोत घालून पाठवून दिली. खाटेच्या पायांखाली फरशीला चार गंजाचे डाग राहिले होते, ते मी घासत होते. निघाले नाहीत. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "जागा झाली गो तुमाला." तिच्या मनात काही नव्हतं. ती बाबांसाठी रडलेली बाई. पण मला खोली बघवेना. आता तिथे ती फाकलेल्या पायांची खुर्चीसुद्धा मावली असती.

जेवायची वेळ झाली. लेक आता चालत होती, खाली पंगतीत बसू शकत होती, पण ती आपली सरळ त्या भिंतीपाशी गेली आणि खुर्चीचा पाय धरून उभी राहिली. मी तिला उचलून बसवलं. पट्टा बांधला, वाटी ठेवली. वर खुंटीला छत्री आणि टोपी होतीच, ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिने समोर बघितलं. तिथे फरशी होती. तिने वाटीतला भात डाव्या मुठीत घेतला आणि हात पुढे करून तशीच राहिली. खाल्ला नाही. मी म्हटलं, खा, बाळा. तिने हात आणखी पुढे केला.

नवरा म्हणाला, "तिला खाली घे. इकडं आपल्यात बसव."

मी स्वयंपाकघरातून बाबांचं स्टूल आणलं. चार डागांच्या मधे, खाटेचं टोक जिथे होतं तिथे ठेवलं, आणि माझं ताट घेऊन तिच्यासमोर बसले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. कुणीकडे तोंड करून बसलीस, असं त्याच्या ओठावर आलं होतं, पण मग त्यालाही आठवलं असणार.

माझी आई नाही. मला ती दिशा चालते.

लेकीने हात पुढे केला. मी तोंड उघडलं. अर्धा घास माझ्या पदरावर पडला.